पिवळ्या उजेडातला ब्लाउजपीस

अहो,

दुकान सजवायले तुम्ही आणलेल्या सोनिका मॅडमले आपल्या कापडाच्या दुकानातून काय मिळणार होतं, ते मी पहिल्याच दिवशी मोजलं होतं: फी, मोबाइलवर टाकायले फोटो, अन् तुमचं "वा, काय नजर आहे!" बारा वर्षं मॅचिंगचं काउंटर मी सांभाळून राहिली, माझ्या नजरेले कधी वा नाही म्हटलं तुम्ही.

दुकानाच्या मागच्या भागातल्या आपल्या ज्यूस बारसाठी तिनं सांगितलेले पिवळे लाइट तुम्ही समोर कापडाच्या काउंटरवरही लावले. त्या उजेडात राणी अन् लाल एकच दिसतात, हे मले माहीत होतं. पण म्हटलं, होऊ दे मॅडमची फजिती! गप्प बसली. गिऱ्हाइकाले बाहेर उन्हात कापड दाखवणंही सोडलं.

खाप्याच्या कांताबाईनं त्याच उजेडात राणी साडीवर ब्लाउजपीस पाहून नेला. काल तिच्या पुतणीच्या लग्नात शिंप्याकडून ऐन वेळी आलेला ब्लाउज घाईत घातला, मांडवात उन्हात पाहते तर लाल! सकाळी फोनवर रडली. बरोबर रंगाचा पीस घेऊन मी तिच्याकडं चालली. समोर पांढरे लाइट लावून घ्या. बारमधले राहू द्या, तिथं छान दिसतात, खोटं काहून बोलू?

मॅडमचं काही गेलं नाही, तुमचं नाही, माझंही नाही. भर मांडवात ब्लाउज झाकायले अंगभर पदर ओढून बसली ती कांताबाई.

— कुंदा