बाहीचं बटण

४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला चष्मा छान लागला. सुई आता पहिल्या झटक्यात ओवते. दुकानात गिऱ्हाइकांना अजून काच बदलून बदलून ‘हे बरं की ते?’ विचारत छळतेस ना?

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. लंबू गेला तेव्हा मी त्याच्या पलंगाशी बसून त्याच्या सदऱ्याच्या बाहीला बटण लावत होते. दुपारचे चार. त्याचा श्वास थांबलेला कळला, आणि मी हाक मारली नाही. खोली एकदम भरून गेली. कशानं, ते विचारू नकोस. मी बटण पुरं केलं, गाठ मारली, दोरा तोडला. तेवढा वेळ मी आनंदात होते. पोटचा पोर समोर गेलेला, आणि मी आनंदात. कसली गं आई मी?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र वाचलं आणि दुकानाचं शटर ओढून बसले. ताई, ती सुटका होती. दोन वर्षं उशाशी बसून होतीस. शरीर थकलं की मन असं करतं. त्यात देवबिव आणू नकोस, स्वतःला बोलही लावू नकोस. कितीही सोडल्या तरी ज्याला बाह्या आखूडच पडायच्या, तो आपला उंटोबा लंबू तुझ्यावर कधी रुसला असता का?

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

रागावले नाही. तुझ्यासारखीच त्या आनंदाला एकेक काच लावून पाहिली. सुटका मला ठाऊक आहे. नर्स आली की मी जिन्यात जाऊन पाय पसरायची, ती. तिच्यात ‘मी सुटले’ असतं. लंबू जन्मला त्या आनंदात ‘माझा’ होतं. दुःखात तर मीच मी आहे. त्या चार वाजता मी नव्हतेच. सुई चालत होती, तो होता, आणि कुणी कुठे गेलेलं नव्हतं. मग शेजारीण येऊन ओरडली, तेव्हा माझा मुलगा गेला.

आता रोज चारला त्याच खुर्चीत बसते. तोच सदरा घेते. बटण उसवते, पुन्हा लावते. तिथलं कापड विरत आलंय.

बटण लागतं, धाकटे. नुसतं बटण लागतं, खोली भरत नाही.

लोभ असू दे. येशील तेव्हा पांढरा दोरा आण. माझा संपत आला.

ताई