तांबड्या रेघेपर्यंत पाणी

बाई, गेल्या शनिवारी खारघरला माशांच्या एका दुकानात मी जवळजवळ तासभर एका रिकाम्या टाकीसमोर उभी होते. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी उंच आणि अरुंद टाकी, खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी. दुकानदार तिशीतला, बोलका. म्हणाला, "मॅडम, उंच टाकी हॉलमध्ये भारी दिसते, पण खरं सांगतो, त्रास फार. हात तळाला पोचत नाही, उजेड खाली जात नाही, तोंड लहान म्हणून हवा कमी मिळते पाण्याला." मी मान डोलावत होते. मग तो म्हणाला, "आणि एक लक्षात ठेवा. रोज थोडं पाणी उडणार. जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी घालायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. लोक वरून परत खारं ओततात आणि मासे मेले की आम्हाला फोन करतात. इथंच सगळे चुकतात." सगळे चुकतात, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. त्याने शेजारच्या टाकीचा पंप सुरू केला आणि ती बारीक गुरगुर ऐकताना मला पक्कं वाटलं की मागे तुम्ही उभ्या आहात, शाळेतल्यासारख्याच पदर खोचून, कोपरापर्यंत ओल्या हाताने. मी वळून पाहिलं नाही. त्याला सांगितलं, विचार करून कळवते.

विचार करायची माझी पद्धत म्हणजे डायरी. पानाच्या मधून रेघ ओढून एका बाजूला घ्यावी का, दुसऱ्या बाजूला घेऊ नये का. घेऊ नये, ही बाजू भराभर भरली. पाचवा मजला, एवढ्या पाण्याचं वजन, सोसायटीचे सेक्रेटरी विचारणार. वीज गेली की पंप बंद. चार दिवस कुठं जाता येणार नाही. शिवाय ते मासे कुठल्यातरी समुद्रातून पकडून आणलेले, त्यांना आपल्या भिंतीपाशी उभं करून ठेवायचा मला काय अधिकार? घ्यावी या बाजूला एवढंच लिहिलं गेलं, की लेक शिकायला पुण्याला गेल्यापासून घर गप्प झालं आहे. नवऱ्याने चहा पिता पिता पानावर नजर टाकली आणि म्हणाला, "मासे? अगं, तुझ्याच्याने तुळस जगत नाही. आधी तुळस जगव, मग दर्या आण घरात." तो हसला, मीही हसले. त्याला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, बाई. घ्यावी या बाजूचं खरं कारण मी त्या पानावरही लिहिलं नाही.

ते वर्ष अजून समोर आहे. मी नववीत आहे. वर्गात मला मिठागरवाली म्हणतात. मी "आमी नाय केला" म्हटलं की मागच्या बाकावरून माझी नक्कल होते. तुम्ही मात्र माझी भाषा कधी सुधारली नाहीत. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तुम्ही काचवाल्याकडून मुद्दाम उंच करून घेतलेली टाकी आहे, कारण कोपऱ्यात जागाच तेवढी. उरणच्या खडकांतून ओहोटीला तुम्ही स्वतः जाऊन त्यातले जीव आणलेत. चार पट्ट्यापट्ट्यांचे मासे, शंखात राहणारा एक खेकडा आणि एक समुद्रफूल, जे बोट लावलं की मिटतं. प्रत्येकाबद्दल तुम्ही मला विचारता, "तुमच्यात याला काय म्हणतात गं?" आणि मी सांगते ते वहीत लिहून घेता. एकदा सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणालात, "खाऱ्या पाण्यातलं हिला आपल्यापेक्षा जास्त कळतं." ते वाक्य मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि झोपताना स्वतःला पुन्हा सांगितलं.

म्हणूनच मे महिन्याच्या सुट्टीत टाकी माझ्यावर सोपवून तुम्ही माहेरी गेलात, तुमच्या आईच्या आजारपणात. जाण्यापूर्वी तुम्ही बरंच पाणी बदललंत आणि आमच्याच आगरातलं मीठ मोजून त्यात विरघळवलंत. काचेवर नेलपॉलिशने तांबडी रेघ ओढलीत. शेजारी गोड्या पाण्याचं निळं पिंप भरून ठेवलंत. "पाणी या रेघेच्या खाली गेलं की पिंपातलं घालायचं. बस्स." मी हो म्हणाले. पण मनात म्हणाले, बाई शहरातल्या, समुद्राच्या माशाला गोडं पाणी पाजून मारतील. आमच्या आगरात तर कोंडीतलं, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातलं, पाणी आटलं की खाडीचं पाणी सोडतात, मी चालायला लागल्यापासून तेच बघत होते. बाबांना विचारलं तर ते खोऱ्यावरून हात न काढता म्हणाले, "पानी आटला का खाडीचा पानी घेयाचा. त्यात विचाराचा काय हाय?" बाबांचं त्यांच्या कामापुरतं बरोबरच होतं. त्यांना मीठ हवं होतं. मी एक दिवसाआड कॅन भरून खारं पाणी सायकलवर घेऊन यायची. तेही खाडीतलं गढूळ पाणी नाही, तर पहिल्या कोंडीत चार दिवस उन्हात निवळलेलं, काचेसारखं स्वच्छ. माशांसाठी उत्तम तेच आणते आहे, याचा मला कोण अभिमान. त्या महिन्याच्या उन्हात मी तुमच्या टाकीत मीठ पिकवत होते, बाई, आणि मला ते कळत नव्हतं.

पण कळत नव्हतं म्हणून मी सुटत नाही. समुद्रफूल मिटलं ते उघडेना. खेकडा शंख सोडून उघडा बसलेला दिसला. मासे वर येऊन तोंड उघडत, मिटत. तेव्हा मी तुमच्या माहेरी फोन करू शकत होते, शाळेच्या ऑफिसात नंबर होता. मी आणखी पाणी आणलं. शेवटचा मासा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच प्रयोगशाळेत होते. पिंप काठोकाठ भरलेलं. मी बादलीने ते निम्म्याच्या वर उपसलं आणि मागच्या मोरीत ओतून दिलं, म्हणजे वापरलं असं दिसेल. चूक भाबडी होती. ती बादली भाबडी नव्हती.

जूनमध्ये तुम्ही आलात. रागावला नाहीत. बोट बुडवून पाणी चाखलंत, थुंकलात, पिंपात डोकावलात आणि मला विचारलंत, "रेघेपर्यंत घालत होतीस ना?" मी म्हणाले, "हो बाई, पिंपातलंच." तुम्ही तिथंच स्टुलावर बसलात आणि वही काढून लिहिलंत, माझ्या डोळ्यांसमोर, "माझी चूक. मीठ जास्त पडलं." आठवड्याने सुट्टीभर रोज आल्याबद्दल वर्गासमोर मला शाईचं पेन दिलंत. टाळ्या वाजल्या. ते पेन मी धाकट्या भावाला देऊन टाकलं. टाकी मात्र तुम्ही पुन्हा भरली नाहीत. दहावी होईपर्यंत ती कोपऱ्यात रिकामी उभी होती, आणि मी रोज तिच्याकडे पाठ करून बसायची.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही आजारी होतात, तरी उठून स्वयंपाकघरात आलात, मला पाटावर बसवलंत आणि कॉफी टाकलीत. मिसळणाच्या डब्याशेजारी, पाककृतींच्या कात्रणांत, तीच वही होती. दूध वर येईपर्यंत तुम्ही ती चाळत होतात. "मी मीठ दोनदा मोजलं होतं गं. मला अजून कळत नाही. तुला काही आठवतं का? तू होतीस ना." तोपर्यंत मला सगळं कळत होतं, घनता, बाष्पीभवन, सगळं. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही हसलाही असता कदाचित आणि ते वहीत लिहून घेतलं असतं. मी म्हणाले, "नाही बाई, लहान होते तेव्हा." दूध उतू गेलं. तीन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. अजूनही घरातल्या कुठल्याही भांड्यातलं पाणी खाली गेलेलं मला बघवत नाही. फुलदाणी, कूलर, देवापुढचं तांब्याचं भांडं, मी येता-जाता भरत असते. आमचं आगर भरावाखाली गेलं, तरी त्या कोंडीचं लखलखीत पाणी डोळे मिटले की समोर येतं. आणि टाकी का हवी, तर यासाठी, की या खेपेला मी रोज गोडं पाणी घालीन, मासे जगतील आणि कुणाला काहीही न सांगता सगळं फिटल्यासारखं होईल. हे मनात आलं तेव्हाच मला माझी किळस आली. मग ठरवलं, टाकी नको, हे पत्र हवं. आणि ते वाचणारं एक माणूस अजून आहे. तुमचे यजमान आमच्याच खांदा कॉलनीत मुलाकडे राहतात. सकाळी बागेत बाकावर बसलेले असतात. मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं.

ती घडी उघडून हे पुढचं लिहिते आहे. आज सकाळी मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी ओळखलं. "हिची मिठागरवाली विद्यार्थिनी," म्हणाले, आणि तुमच्यासारखंच, त्या शब्दात जरासुद्धा टोचणी नव्हती. तब्येतीचं झालं, मुलीचं झालं. मग कुठून सुरुवात करावी म्हणून मी म्हणाले, "काका, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी घ्यावी असं मनात होतं." त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "नको घेऊस," म्हणाले. "फार कठीण असतं ते. आमची ही एवढी हुशार, एवढी काटेकोर, तिच्या हातूनसुद्धा मेले सगळे. मीठ जास्त घातलं. शेवटच्या आजारात तापात बडबडायची, मासे मेले, माझ्यामुळे मेले. तिला नाही जमलं, तुला काय जमणार बाळ?"

पर्स माझ्या मांडीवर होती. चेन उघडी होती.

"खरं आहे काका," मी म्हणाले. "बाईंना नाही जमलं, तर मला काय जमणार."