पाठ असलेली प्रार्थना

७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी बी.पी. १४०/८६. यांना खुर्चीवर बसवून अंघोळ. उजवा हात आज जरा सैल. बोलणं तेच. पाणी हवं तरी "बरं बरं", पंखा बंद करायचा तरी "बरं बरं". शाळेत जन्मभर गणित शिकवलं, यांच्या आवाजाने शेवटचा बाक ताठ बसायचा. झटका येऊन आज तीन महिने झाले.

दुपारी महिला मंडळाची प्रार्थना सरोजकडे. माझी पाळी आली तेव्हा सगळं सांगितलं. वय अडुसष्ट, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, गिळणं ठीक, चालणं काठीने, वाचा गेलेली. प्रभू, वाचा परत दे. आमेन झाल्यावर सरोज हळूच म्हणाली, "विमल, देवाला केसपेपर वाचून दाखवतेस का गं?"

हसू आलं. पण खरंच तसंच करते मी. वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले की आम्ही सिस्टर लोक खाटेशेजारी उभं राहून असंच धडाधडा सांगायचो. एखादी गोष्ट राहिली तर उपचार चुकेल ही धास्ती. देवही माझ्या मनात तसाच बसलेला दिसतो. घाईतला. नीट सांगितलं नाही तर पुढच्या खाटेकडे जाणारा.

१० नोव्हेंबर, रविवार


आज यांना पहिल्यांदा चर्चमध्ये नेलं. रिक्षावाल्याने काठी धरली, मी यांना. मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, सगळी मंडळी म्हणायला लागली, आणि माझ्या डाव्या कानाशी यांचा आवाज. आधी वाटलं दुसरंच कुणी म्हणतंय. वळून पाहिलं. हेच. डोळे मिटलेले, शब्द न् शब्द स्वच्छ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. मला पुढचं म्हणताच आलं नाही.

आमेननंतर हात धरून विचारलं, "काय म्हणालात आत्ता?"
"बरं बरं."

नंतर लोकांची ही गर्दी. बायका रडत होत्या. मीही रडले. पाळकसाहेब म्हणाले, देवाने ऐकलं. फाटकाशी येईपर्यंत मी हवेत होते. तिथे यांना काठी हवी होती. हात पुढे करून तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. काठी हा शब्द नाही आला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सना आली. मंगळवार-शुक्रवार येते, बोलणं शिकवायला. पोरगी विशी-पंचविशीची, पण हात धरून शिकवते. तिला रविवारचं सांगितलं. ती खूश झाली पण चकित झाली नाही. 

"मावशी, असं होतं. जे पाठ असतं ना, ते डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतं. माझी एक पेशंट होती, बाजूच्या मोहल्ल्यातली दादी. पोराचं नाव घेता येत नव्हतं, पण नमाजमधलं सगळं बराबर म्हणायची." मग यांच्याकडे वळून, "सर, सत्तावीसचा पाढा?"

आणि हे सुरू. सत्तावीस, चोपन्न, एक्याऐंशी, एकशे आठ. दोनशे सत्तरपर्यंत न अडखळता. सना टाळ्या वाजवत होती. हेही हसले, तोंडाच्या एका बाजूने. मी स्वयंपाकघरात गेले.

खरं सांगायचं तर मला हे माहीत होतं. नोकरीत असे दोन-तीन पेशंट पाहिलेत. रविवारी माहीत नसल्यासारखं करायचं होतं, एवढंच.

प्रभूची प्रार्थना आणि सत्तावीसचा पाढा एकाच कपाटात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पाळकसाहेबांचा फोन. पंधरा डिसेंबरला उपासनेत साक्ष द्या म्हणाले. "तुमच्या घरी देवाने काय केलं ते मंडळीने तुमच्या तोंडून ऐकू दे." बघते म्हटलं.

मग प्रियाचा पुण्याहून. "आई, चमत्कार आहे की नाही याने काय फरक पडतो? बाबा बोलले ना?"
"बोलले नाहीत गं. म्हणाले."
  दोन शब्दांत केवढं अंतर आहे ते माझं मलाच फोन ठेवल्यावर कळलं.

१८ नोव्हेंबर
बी.पी. १३२/८०. शाब्बास. फिजिओवाला आला नाही.

शेजारच्या गौराक्का हुरडा घेऊन आल्या. मैंदर्गीचं शेत भावाकडे आहे, यंदा लवकर धरलाय म्हणे. यांच्याशी त्या कन्नडमध्येच बोलतात, यांना कन्नड येत नाही, दोघांचं छान चालतं. मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमी देवाला रोज काय-काय मागतासा?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मी काय मागत न्हाय. गळ्यातलं लिंग हातावर घिऊन नुसती बसती. त्येला ठावं हाय की."
म्हटलं, आम्हाला मागायला शिकवलंय, अक्का. बाप आहे तो, लेकरांनी मागायचं.
"मागा की मग. पर बापाजवळ नुसतंबी बसावं वाईच."

 हुरडा गोड होता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
आज मुद्दाम लवकर गेले सरोजकडे, बाकीच्या यायच्या आधी. ती मेथी निवडत होती. मीही बसले निवडायला. तिचा अमोल जाऊन दोन वर्षं होतील. तो आजारी असताना सगळ्या मंडळीने चाळीस दिवस आळीपाळीने साखळी प्रार्थना केली होती. उपवास. मीही केला होता. पोरगा एकेचाळिसाव्या दिवशी गेला.

म्हणून विचारलं. "मी उभी राहून साक्ष दिली, देवाने माझं ऐकलं म्हणून, तर तुला काय वाटेल?"

हातातली काडी तिने पुरती निवडली. मग खाली बघूनच, "अमोल गेल्यावर लोक म्हणायचे विश्वास कमी पडला. कुणाचा ते सांगायचे नाहीत. माझाच म्हणायचं होतं त्यांना." मेथीची जुडी संपली, दुसरी सोडली. "वर्षभर मी प्रार्थना नाही केली, विमल. भांडायचे नुसती. मग एकदा लक्षात आलं, आपण वर्षभर रोज याच्याशीच भांडतोय की. नसता तर कुणाशी भांडले असते?"

मी म्हटलं, पण ऐकलं नाहीच ना त्याने.

"ऐकलं. दिलं नाही. तू वॉर्डात रात्ररात्र कण्हणाऱ्यांचं ऐकायचीस, त्या सगळ्यांना देता येत होतं तुला काय? तरी जवळ बसायचीसच ना."

मग बाकीच्या आल्या. प्रार्थनेत मी आज काही सांगितलं नाही. यांचं नाव फक्त घेतलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सनाची नवी युक्ती. प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची, मी मधेच थांबायचं, पुढचा शब्द यांनी भरायचा. तिला आमची प्रार्थना पाठ झाली ऐकून ऐकून. कुठे थांबायचं ते तीच खुणेने सांगते. मजा वाटते. शब्द येतो, पण प्रार्थनेतच. बाहेर काढायला गेलं की नाही येत. आज यांनी चिडून सनाची पाटी ढकलली. नंतर वाईट वाटलं असावं, माझ्या पाठीवरून डाव्या हाताने थोपटलं.

सना गेल्यावर विचारलं, "म्हणताना अर्थ कळतो का हो? की नुसतंच येतं?" विचार केला यांनी. मग हात असा हलवला, थोडं हे, थोडं ते.

आणि मी? लहानपणापासून म्हणतेय. पोळ्या लाटताना, बसमध्ये, ड्युटी बदलताना. तेवढ्या वेळांत किती वेळा मनापासून? हिशेब न केलेला बरा. मला वाटायचं मनापासून केली तरच ती प्रार्थना, बाकी वाया. आता वाटतं, वाया नाही गेली. कुठेतरी साठत होती. झटक्याने घर, गाव, पोरीचं नाव सगळं नेलं, तिथवर त्याचा हात नाही पोचला. हे कुणाचं काम म्हणायचं?

२ डिसेंबर
लाइट नव्हती दिवसभर. बाकी ठीक.

५ डिसेंबर, गुरुवार
आज झालं ते झालं तसं लिहून ठेवते.

दुपारी बाराला यांना ताट वाढलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, डाळ. मी नेहमीसारखी ओट्याशी उभी. हे खाईनात. म्हटलं, काय हवंय? "बरं बरं" नाही म्हणाले. तोंड उघडलं, मान ताणली, आणि म्हणाले,
"भाकर."

आमच्या घरात भाकर कुणी म्हणत नाही. आम्ही भाकरी म्हणतो. भाकर फक्त प्रार्थनेत आहे, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे'. म्हणजे हा शब्द तिथून निघून इथे ताटापाशी आला.

मी धावत दुसरी भाकरी आणली, ताटात ठेवली. यांनी ती उचलली आणि माझ्याकडे धरली. मला कळेना. पुन्हा, "भाकर." आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट.

ऑगस्टपासून मी या टेबलाशी जेवायला बसलेले नाही. उभ्याने दोन घास खायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. मला वाटायचं, यांच्या ध्यानात नाही.

बसले. जेवले.  चटणी जरा तिखट झाली होती, यांना ठसका लागला, मला रडू, मग दोघांना हसू.

इतके महिने मी मागत होते, यांना वाचा दे. यांची पहिली मागणी माझ्यासाठी.

८ डिसेंबर, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, साक्ष देईन, पण सनाने सांगितलं त्यासकट. पाढ्यासकट.

ते जरा अडखळले. चांगला मुलगा आहे, वयाने प्रियाएवढा. "सिस्टर, लोक गोंधळतील. काहींचा विश्वास डळमळेल."
"पाळकसाहेब, मेंदू कुणी केला?"
"देवाने."
"मग त्यात काय कुठे ठेवलंय ते सांगितलं तर देवाचं काही कमी होतं का?"
ते हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, "खरं सांगू? अमोलच्या वेळी मी नवीन होतो. देव नक्की बरं करील असं मी सरोजबाईंना वचन दिलं होतं. त्यानंतर त्यांच्या घरी जाताना माझे पाय जड होतात. तुमच्या साक्षीने माझंही ओझं उतरेल असं वाटलं होतं."

म्हटलं, जा तिच्याकडे. मेथी निवडायला बसा.

१५ डिसेंबर, रविवार
दिली. कागद नेला होता, बघितला नाही. प्रार्थना ऐकली ते सांगितलं, पाढा सांगितला, भाकर सांगितली. हे चमत्कार आहे की मेंदूचा गुण, मला ठाऊक नाही म्हटलं. देव माझं ऐकतो असं मला वाटतं, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांचंही तितकंच ऐकतो. विश्वास कमी पडला असं इथे पुन्हा कुणी कुणाला म्हणू नये. एवढं बोलून बसले. 

बाहेर एक वडीलधारे म्हणाले, "साक्ष होती की आरोग्य खात्याचं भाषण?" दोघं-तिघं न भेटताच गेले. एक म्हातारे मात्र थांबले. त्यांच्या बायकोला आताशा माणसं ओळखू येत नाहीत. "तिच्यासोबत म्हणून बघू का?" विचारत होते. म्हटलं, आजच बघा.

सरोज दुसऱ्या रांगेत होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. जाताना फक्त यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावून गेली.

बरोबर केलं का मी? मन शांत आहे मात्र. बी.पी. (माझं) १२८/७८.

२३ डिसेंबर
प्रिया आली. करंज्या. यांनी सारण भरलं डाव्या हाताने, निम्म्या फुटल्या. नवे शब्द: "दे", "आज". दोन्ही तिथलेच. प्रियाचं नाव अजून नाही. ती हसून म्हणाली, "बाबा, मी प्रार्थनेत नाहीये ना, म्हणून." आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली बराच वेळ.

मंडळात ऐकलं, पाळकसाहेब सरोजकडे गेले होते. दोन तास होते. काय झालं माहीत नाही. विचारणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार
मंडळाची प्रार्थना आज आमच्याकडे. सात जणी. गौराक्काही येऊन बसल्या, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी सांगत होत्या, मग म्हणाल्या, "चालू द्या तुमचं, मी बसती." हे खिडकीजवळच्या खुर्चीत.

एकेकीने आपल्या शब्दांत प्रार्थना केली. सरोजने केली, लहानशी. शेवटी मी आमेन म्हणून उठणार एवढ्यात हे म्हणाले, "प्रभू."

सगळ्या थांबल्या. पाठ असलेली प्रार्थना या शब्दाने सुरू होत नाही. यांनी डोळे उघडले, आमच्याकडे एकेकीकडे पाहिलं, सरोजकडे जरा जास्त वेळ. ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं, यांचं स्वतःचं. पहिला आवाज काढून दिला की शब्द येतो, हे मला आता जमतं. पण कुठला आवाज देऊ? कुणीच काही सुचवलं नाही. 

पाच मिनिटं गेली असतील. कूकरची शिट्टी झाली. मी उठले, बायका हळूहळू उठल्या, चहा झाला, करंज्या संपल्या. आमेन कुणीच म्हटलं नाही.

आता चार वाजलेत. सगळ्या गेल्या. मी टेबलाशी हे लिहितेय, हे अजून तिथेच खुर्चीत, डोळे मिटून. ओठ हलताहेत.