पिवळ्या दिव्याचं बटण

रविवार, ९ जानेवारी १९५५

मानवजातीवर आजवर जे अन्याय झाले, त्यांत आमच्या मच्छरदाणीवर झालेला अन्याय कुणी इतिहासकाराने नोंदवलेला नाही. म्हणून मी नोंदवतो. शेजारच्या नझीरची टॅक्सी पहाटे अंगणात उभी राहून खोकते. खोकू दे! मीही खोकतो. पण खोकता खोकता तिच्या बंपरवरचा तो पिवळा दिवा – धुक्याचा दिवा म्हणे! – आमच्या खिडकीतून आत येतो आणि थेट माझ्या नाकावर बसतो. मच्छरदाणी डास अडवते, उजेड नाही. पहाटेची साखरझोप ही वकिली न चालणाऱ्या माणसाची एकमेव मिळकत. तिच्यावरही जप्ती!

गोदा कुशीवर वळून म्हणाली, "पडदा लावा."

इथे तत्त्वाचा प्रश्न, आणि ही पडदा लावते!

साप्ताहिकातल्या माझ्या सदराला या खेपेला विषय नव्हता. मिळाला.

शनिवार, १५ जानेवारी

छापून आलं. 'कावीळ झालेली टॅक्सी'. डोळे पिवळे पडल्यामुळे तिला जवळचं गिऱ्हाईकही लांबचं दिसतं, आणि भाडं त्या हिशेबाने – वैद्यांनी ताकावर ठेवली आहे – वगैरे. संपादक आप्पा खुर्चीतून पडायचे तेवढे राहिले. बंदराच्या रस्त्यावर एकाने नझीरला हटकलं, "काय रे, उतरली काय कावीळ?" नझीर हसला. हसण्यावाचून त्याला काय इलाज होता म्हणा!

संक्रांत कालच झाली. गोदाने नझीरच्या बायकोला, कुलसुमला, कुंपणावरून तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली. त्या दोघी बोलल्याही. मी आपलं लिहिलं.

मंगळवार, १८ जानेवारी

नझीर स्वतःच आला. पायरीवर उभा. "वकीलसाब, लोक गाडीला कावीळ म्हनतात. गिऱ्हाईक हसत हसत दुसऱ्याच्या गाडीत बसतं. काय करू, सांगा."

मी चष्मा पुसला. म्हटलं, "हा दिवा असा स्वतंत्र लावणं मोटार कायद्यात बसत नाही." – असं कलम कुठेच नाही. मला ते माहीत होतं. पण माझ्या तोंडून कलम आलं की ते कलमच!

तो म्हणाला, "धुक्यात तो एकटाच लागतो. मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते. आनि खाडीच्या तरीवरचा, होडीवाला भागोजी–"

"भागोजीला चष्मा घेऊन दे," मी म्हटलं. वाक्य चांगलं जमलं.

संध्याकाळी वजीर मिस्त्रीकडून त्याने तारा बदलून घेतल्या. आधी बाजूचे दोन बारीक दिवे लावून एक पितळी बटण ओढलं की पिवळा एकटा पेटे. आता बटण काढून टाकलं. पिवळा मोठ्या दिव्यांना जोडला. ते पेटले तरच हा पेटणार. अंगणातून गाडी बारीक दिव्यांवरच बाहेर पडते.

ते बटण मी मागून घेतलं. "टेबलावर ठेवतो कागद दाबायला. हौस फिटली की परत देईन." गमतीत म्हटलं. तो "बरं" म्हणाला. गमतीत नाही.

बुधवार, १९ जानेवारी

ऊन तोंडावर येईपर्यंत झोपलो. न्याय!

रविवार, २३ जानेवारी

गोदाने माझं जुनं धोतर फाडलं. काशीसाठी दुपटी शिवतेय. काशी आमच्या घरात परकरात असल्यापासून वाढली. लग्न होऊन खाडीपलीकडे पावसला गेली, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. दिवस भरत आलेत. "बाळंतपणाला इथल्या दवाखान्यातच आणायचं," गोदाचं फर्मान. धोतर चांगलं होतं अजून.

गुरुवार, २७ जानेवारी

काशीचं मूल गेलं. मुलगा होता. काशी दवाखान्यात आहे. ती वाचेल म्हणतात.

काल तिन्हीसांजेला तिचा दीर तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आला होता, नझीरला सांगून गेला – पोटात दुखायला लागलंय, पहाटे डोलीतून आणतो, गाडी घेऊन भाट्याच्या खाडीच्या काठावर ये. आज पहाटे खाडीवर धुकं असं की हाताला लागावं. डोली पलीकडच्या काठावर थांबून राहिली. तरीची होडी निघाली ती धुकं विरल्यावर.

गाव म्हणतं, नझीर वेळेवर पोचलाच नाही.

तो पोचला होता. बारीक दिव्यांवर गाडी अंगणातून बाहेर पडली तेव्हा मी जागा होतो. उजेड आला नाही म्हणून कूस बदलली.

शुक्रवार, २८ जानेवारी

काठावर गेलो. भागोजी तरीतलं पाणी उपसत होता. मी काही विचारायच्या आत तोच बोलला.

"वकीलसाहेब, माझा काय चुकला सांगा. आमची रीतच हाय. पेशंट उचलायचा तो पलीकडं नझीरची पिवली बत्ती दिसल्यावर. नायतर बाईमानसाला उघड्या पुळणीवर थंडीत ठेवायची, नि गाडी नसली तर? एकदा तसा झाला, तवापासून आमी बत्ती बघतो. काल नाय दिसली."

"भोंगा नाही ऐकलास?"

"भोंगे काय, बंदरात लाँचही वाजवते. मधीच समोर पांढरा पांढरा कायतरी झाला. मी म्हटला, उजाडताय."

उजाडताय! नझीरने होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले होते. पिवळा त्या पांढऱ्यात बुडाला. अलीकडे होडी नव्हती, सगळ्या मासेमारीला गेलेल्या. तो काठावर उभा राहून ओरडत राहिला. घसा बसलाय त्याचा. कुलसुम गोदाला सांगत होती.

इतकी वर्षं बोलण्यावर पोट भरलं, आणि वाळूत उभा राहून चपलेतली वाळू झटकत राहिलो.

शनिवार, २९ जानेवारी

आप्पा म्हणाले, "आता याच्यावर झणझणीत होऊन जाऊ दे! 'कावीळवाला झोपला!' गाव वाट बघतंय." उद्या देतो म्हणून उठलो. नझीरच्या गाडीत कुणी बसत नाही. अंगणात उभी असते, पुसलेली.

त्याने कुणाकडेही माझं नाव घेतलेलं नाही. घेतलं असतं तर मला भांडता आलं असतं.

मंगळवार, १ फेब्रुवारी

लिहिलं. कोपरखळी नाही, कोटी नाही. खोटं कलम मी सांगितलं, तारा माझ्यामुळे बदलल्या, नझीर भागोजीचं सांगत होता ते मी अर्ध्यात तोडलं, नझीर वेळेवर काठावर होता. खाली माझी सही.

आप्पांनी न वाचताच छापखान्यात दिलं. माझं ते वाचत नाहीत, नुसते हसतात.

शनिवार, ५ फेब्रुवारी

लोक हसले!

बाररूममध्ये टाळ्या. "वकीलसाहेब, काय तो आव! स्वतःवरच घेतलंत! खोटं कलम – वा!" एकाने शेवटचं वाक्य नाटकी आवाजात वाचून दाखवलं. "'वेळेवर होता' म्हणून नझीरला काय सोलून काढलाय!" मी म्हटलं, "अहो, हे खरं आहे." तर आणखी मोठा हशा. "बघा, अजून सोडत नाहीत!"

वीस वर्षं मी या गावाला शिकवलं की मी बोललो की हसायचं. गाव हुशार. शिकलं.

घरी गोदा अंक मांडीवर घेऊन बसलेली. ती हसत नव्हती. म्हणाली, "त्या पहिल्या लेखाला मी हसले होते हो. कुलसुमला तिळगूळ देऊन आले नि आत येऊन हसले." मग शिवलेली दुपटी ट्रंकेत तळाशी ठेवली, एकेक करून. मी तिथेच उभा. हात पुढे करावा, तर कशाला?

पुढं म्हणाली, "छापून काय सांगता? काशी कालच पावसला गेली. तिला वाचता येत नाही."

रविवार, ६ फेब्रुवारी

पहाटे बटण घेऊन नझीरच्या अंगणात गेलो. म्हटलं, "हे तुझं. द्यायचं राहिलं होतं." त्याने घेतलं, सदऱ्याला पुसलं. वजीरला उठवून आणलं, तारा होत्या तशा केल्या. मग मी म्हटलं, "काठावर सोड मला." त्याने दार उघडलं.

खाडीवर धुकं होतंच. गाडी पाण्याकडे तोंड करून उभी केली. नझीर म्हणाला, "तुमीच ओढा."

ओढलं. पिवळा उजेड पाण्यावर गेला. थोड्या वेळाने वल्ह्याचा आवाज. भागोजी घाईघाईने आला, पुळणीवर उतरून इकडेतिकडे बघू लागला.

"कोन हाय? पेशंट कुठं?"

"मी," म्हटलं. "पावसला जायचंय. काशीकडे."

तो नझीरकडे बघू लागला. त्याने मान हलवली. मी चपला हातात घेतल्या आणि तरीत बसलो. नझीरने बत्ती मालवली नाही.