फ्रिजचा सूर

ता. ४ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. इकडे सगळे मजेत, एक मी सोडून.

परवा आलास आणि जेवून जरा लवंडायचं सोडून आईचा फ्रिज दुरुस्त केलास. आई खूश आहे, आमचा बँड मात्र बुडाला. वर्षभर आम्ही स्वयंपाकघरात त्या फ्रिजच्या गुणगुणण्याला सूर लावून गाणी रेकॉर्ड करतोय. सहा झाली, चार उरलीत, आणि फ्रिज मुका!

इंडी म्हणजे काय, असं विचारत होतास. गाण्यांच्या मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांनी घरातच गाणी केली, स्वतःच कॅसेटी भरल्या, कव्हरं चिकटवली, हातोहात विकली. तिथून हे सुरू झालं. खोलीचा आवाज गाण्यात आला तर आम्ही तो पुसत नाही. आता एक कंपनी चकचकीत स्टुडिओ देतेय आणि आमची गिटारवाली चष्मिस सही करायच्या बेतात आहे. ती गेली की बँड संपला. तेवढा फ्रिज बिघडवून दे ना.

लोभ आहेच, राग आला तर तो फ्रिजवर काढावा.
तुझा
ढब्बू

ता. १० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. तुझं पत्र माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर लपवून वाचावं लागलं. तीस वर्षांत या हातांनी एकही यंत्र बिघडवलेलं नाही. वर मालक नको, आपला हात जगन्नाथ, हे मला पटलं. माझं दुकान तसंच चालतं. पण मी घरघर काढायची आणि तुम्ही ती जपायची, हे कुठलं शहाणपण? उद्या गळका नळ तालाला घ्याल.

तरी तुझं तोंड उतरलेलं मला बघवत नाही. रविवारी येतो. कशासाठी ते ताईला सांगू नकोस.

अभ्यासावरही थोडा लोभ असू दे.
मामा

ता. २२ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि. तू प्रत्येक स्क्रू ढिला केलास आणि फ्रिज आणखीच झकास चालायला लागला. शेवटी कपाळाला हात लावून, माइक घेऊन स्वतःच फ्रिजमागे बसलास आणि चारही गाणी गुणगुणलास! बंद होतानाची ती 'टक्'सुद्धा सोडली नाहीस. फ्रिजमागे काय करत होतास, असं आईने विचारलं. मी झुरळ म्हणून सांगितलं.

कॅसेटी भरल्या आणि हातोहात विकून संपल्याही. एका ऐकणाऱ्याने कळवलंय की शेवटच्या चार गाण्यांत फ्रिज मनापासून गातो. मग कंपनीवाला पुन्हा आला. गाणी राहू देत म्हणाला, फ्रिजची सही हवी. चष्मिसने त्याला सांगितलं की आमचा फ्रिज कुणाची नोकरी करत नाही. ती राहिली, मामा. मला रडूच आलं.

असाच लोभ आणि असाच गळा राहू दे.
ढब्बू

ता. ३० मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. तुझी कॅसेट दुकानात लावली. ती संपली आणि एकदम गप्प झालं. मी दुरुस्त केलेले चार फ्रिज ओळीने उभे होते, एकाचाही आवाज नाही. याच शांततेसाठी जन्मभर राबलो आणि त्या दिवशी ती मला खायला उठली. तुझी मामी गेल्यावर घरात असंच झालं होतं.

काल एक म्हातारा फ्रिज आलाय. काय घरघरतो! दोन सुरांत. मालकाला म्हटलं, भाग मिळत नाही, महिनाभर लागेल. भाग माझ्या खिशात आहे.

माइक घेऊन लवकर ये. तोवर रोज त्याच्याबरोबर थोडं गुणगुणतो.
मामा