सोन्याची मांजर

अहो,

डोक्याची पट्टी सोडू नका, डॉक्टर घरी येऊन चार टाके घालून गेले. कॅन्सरच्या मांजरीवर पैसा घालवायचा नाही म्हणून तुमी चंपीले पोत्यात कोंबून धुण्याच्या दगडावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायच्या आत मी बत्ता हाणला. तिचा श्वास चालू हाये. ऑपरेशनसाठी तिले अकोल्याले घेऊन चालली.

इंजेक्शनच्या झोपेत तुमच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून घेतली, ते मोडीन.

वरण-भात झाकून ठेवला. बत्ता धुऊन जाग्यावर ठेवला हाये, ध्यानात असू द्या.

मांजर मारली तर काशीले सोन्याची मांजर दान करा लागते, असं पूजेत यजमानाले तुमीच सांगता ना? सोनं तसंही जाणारच होतं. आता मांजर तरी जिती राहीन.

रमा