तुमच्या आवाजाची नक्कल

मॅडम, डॉक्टरांनी मला महिनाभर तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलंय. स्वरयंत्रावरच्या गाठी परवा काढल्या. घरातले खूश आहेत, बाई आयतीच गप्प बसली म्हणून. बोलता येत नाही, तेव्हा तुम्हाला लिहीत बसलेय. नाहीतरी जिवंत असताना तुम्ही माझं कधी ऐकून घेतलंत?

साखऱ्याहून येऊन मी सेनगावच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून रुजू झाले तो दिवस. प्रसूतीच्या वॉर्डातली बेल बंद पडलेली, पंखे खडखडतायत, एकेका खाटेवर दोन-दोन बाया आणि दारात त्यांचा सगळा गोतावळा. तुम्ही इन्चार्ज. मला वॉर्डाच्या या टोकाला उभं केलंत आणि त्या टोकाच्या नातेवाइकाला हाक मारायला लावलीत. तो वळलाच नाही. "माय उपाशी ठेवत होती काय तुला? पोटातून आवाज काढ," असं म्हणता म्हणता तुमचाच आवाज मधे फाटला, फुटक्या पिपाणीसारखा. सगळ्या सिस्टर हसल्या. मीही हसले, पहिल्याच दिवशी.

वर्षानुवर्षं बायांना जोर लाव, जोर लाव म्हणून ओरडून तुमचा गळा गेला होता, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. तरी चहाच्या वेळी तुमची नक्कल ठरलेली. दुसऱ्या वॉर्डातल्या पोरी ड्यूटी रूमला फोन लावून तुमच्या आवाजात झापायच्या, सलाईन संपलं, डोळे फुटले का, आणि आम्ही तुमच्याच आवाजात उलट झापायचो. मला तुम्ही सगळ्यांत चांगल्या जमायचात.

सहाव्या वर्षी माझा आवाज बसला तो बसलाच. हिंगोलीच्या डॉक्टरांनी गाठी सांगितल्या. आत्ता महिनाभर गप्प राहिलीस तर जिरतील, म्हणाले. मी रजेसाठी त्यांची चिठ्ठी घेऊन तुमच्यापुढे उभी राहिले. माणसं कमी होती, हे मलाही दिसत होतं. तुम्ही नाही म्हणालात. आठवड्याने पुन्हा आले, तेव्हा सगळ्यांसमोर चिठ्ठीची घडी करून माझ्या खिशात कोंबलीत. "आवाज गेला म्हनून कोनी मेलं काय? माझा जाऊन किती वर्स झाले, मी करूनच राहिले ना नोकरी?" आणि त्याच दिवशी मला लेबर रूमला टाकलंत, जिथे सगळ्यांत जास्त ओरडावं लागतं. त्या दिवसापासून मी तुमचा मनापासून द्वेष केला. जेवताना केला, सेनगावच्या एसटीत उभी राहून केला.

महिना-दीड महिन्यानं, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चहा आलेला असताना फोन वाजला. मीच उचलला. पलीकडून तोच फाटका आवाज, "मला दम लागून राहिला. कोनाला तरी पाठव." मी तुमच्या आवाजात म्हणाले, "दम लागला म्हनून कोनी मेलं काय?" आणि ठेवून दिला. पोरी पोट धरून हसत होत्या.

तासाभराने वॉर्डातल्या मावशी कपाटाची किल्ली मागायला आवारातल्याच तुमच्या क्वार्टरवर गेल्या. तुम्ही दाराशीच पडला होतात. भिंतीपलीकडे फार्मासिस्टचं बिऱ्हाड, सगळी माणसं घरात. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. एका भिंतीपलीकडे जाईल एवढा आवाज तुमच्याकडे उरला नव्हता.

सगळ्यांनी मलाच समजावलं. रोजची चेष्टा, तुला वाटलं दुसरी कोणी असेल, त्यात तुझी काय चूक. मी मान हलवली, रडलेसुद्धा. अजूनही कोणी विचारलं तर तेच सांगते.

हा कागद माझ्या लेकीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. शब्द निघायच्या आधी तुमचा श्वास घरघरायचा, ते आमच्यातल्या एकीलाही जमायचं नाही. मलासुद्धा नाही. त्या दुपारी फोनवर ती घरघर ऐकली आणि तुम्हीच आहात हे मला कळलं. वाटलं, मला दोनदा यायला लावलंत, आता तुम्हीही दोनदा मागा. पुन्हा वाजेल म्हणून मी चहा संपेपर्यंत फोनजवळच बसले होते.